लाख डावांचा हिशेब

२०२२च्या हिवाळ्यात सावेडीतल्या एका फ्लॅटमध्ये मी ओळखीच्या एका मुलाशेजारी दीडेक तास बसून होतो. पुण्यातल्या कंपनीचं काम तो नगरला घरून करायचा आणि रात्री दहानंतर त्याच मॉनिटरवर पोकर खेळायचा. पडद्यावर चार हिरवी टेबलं, दोन वर, दोन खाली. पाचवं मांडीवरच्या मोबाइलवर. पत्ते खेळणारा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पानं छातीशी धरून, एकेक पान हळूच सरकवून बघणारा माणूस येतो. हा मुलगा पानांकडे जेमतेम बघत होता. त्याची नजर होती टेबलाच्या कडेला सरकणाऱ्या पिवळ्या पट्टीवर. पट्टी संपायच्या आत काय ते ठरवायचं, नाहीतर पानं आपोआप टाकली जातात. टक, फोल्ड. टक, फोल्ड. टक, रेज. टोलनाक्याच्या खिडकीतल्या माणसाकडे बघत बसावं तसं मला वाटत होतं. मध्येच त्याने एक मोठा डाव मारला, सहा-सात हजारांचा तरी असेल. त्याच क्षणी खालच्या टेबलाची पट्टी लाल झाली आणि तो तिकडे वळला. मी म्हणालो, "अरे, जिंकलास की!" तर म्हणाला, "कुठल्यावर?"

त्या "कुठल्यावर?"चा मी पुढे बरेच दिवस विचार करत राहिलो. जुगार म्हटला की छातीत होणारी धडधड, श्वास रोखून उलटलेलं शेवटचं पान, हे सगळं त्यातून नाहीसं झालं होतं. उरलं होतं ते काम. एकाच वेळी अनेक टेबलांवर बसायच्या या पद्धतीला त्या जगात मल्टिटेबलिंग म्हणतात. तिच्याकडे नीट पाहिलं तर ऑनलाइन जुगारावरचा आपल्याकडचा सगळा वाद तिच्यात सापडतो: हा खेळ नशिबाचा की कौशल्याचा, कायदा कोणाला वाचवतो, पैसा कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात जातो.

आधी खेळ. पोकरचा सगळ्यांत जास्त चालणारा प्रकार टेक्सास होल्डेम. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात, पुढे टेबलावर पाच पानं सगळ्यांत मिळून उघडतात; आधी तीन, मग एक, मग एक. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे, वाढवायचे किंवा पानं टाकून मोकळं व्हायचं. ५२ पानांतून दोन पानांच्या १,३२६ जोड्या होतात. रंगांचा फरक सोडला तर १६९ प्रकार. दोन एक्के हातात यायची शक्यता २२१ डावांत एकदा. बाकीची पानं बहुतेक वेळा टाकाऊच असतात, आणि शहाणा खेळाडू चारांतले तीन डाव पैसे न लावता सोडून देतो. म्हणजे बसलेल्या वेळातला मोठा भाग नुसता वाट बघण्यात जातो. खऱ्या टेबलावर, गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर म्हणा, पानं पिसायला आणि वाटायला माणूस असतो. तासाला २५ ते ३० डाव होतात. ऑनलाइन पिसणं-वाटणं डोळ्यांचं पातं लवायच्या आत उरकतं आणि तेच डाव ७०-८० होतात. तरीही मध्ये रिकामे क्षण उरतातच. त्या रिकाम्या क्षणांत दुसरं टेबल उघडायचं, मग तिसरं. सुरुवात कंटाळ्यातून झाली. ती टिकली मात्र गणितामुळे.

ते गणित त्या मुलाने मला वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं होतं. समजा टेबल पाच-दहाचं आहे, म्हणजे मोठा ब्लाइंड, पानं यायच्या आधी सक्तीने लावायची रक्कम, १० रुपये. चांगला खेळाडू १०० डावांमागे पाच ब्लाइंड कमावतो असं धरू. झाले ५० रुपये. पण त्याच १०० डावांत निव्वळ पानांच्या नशिबाने वर-खाली होणारी रक्कम साधारण ९० ब्लाइंडच्या घरात असते, म्हणजे ९०० रुपये. ९००च्या लाटेत ५० दिसणार कुठून? १०,००० डावांनंतर कमाई ५,००० आणि लाट ९,००० होते. अजूनही नशीबच मोठं. लाट डावांच्या वर्गमुळाने वाढते आणि कमाई सरळ गुणाकाराने, म्हणून लाख डावांना पोचलं की कमाई ५०,००० आणि लाट सुमारे २८,५००. आता कुठे कौशल्याचं डोकं पाण्याबाहेर आलं. एका टेबलावर रोज तीन तास बसणाऱ्याला लाख डाव व्हायला सव्वा वर्षाच्या आसपास लागतं. चार टेबलांवर बसणाऱ्याला १११ दिवस.

मल्टिटेबलिंगचं मर्म एवढंच आहे. लोकांना वाटतं की ही हाव आहे, चारपट पैसा मिळवायची. हाव असतेच, पण जाणत्या खेळाडूच्या लेखी ही मुख्यतः नशिबाला लवकर संपवायची युक्ती असते. जुगाराची मजुरी करून टाकायची.

आमच्या जिल्ह्यात (कागदोपत्री आता अहिल्यानगर, तोंडात मात्र नगरच येतं) "शेती म्हणजे जुगारच" हे वाक्य घोडेगावच्या कांदा बाजारात उभं राहिलं तर तासाभरात चार वेळा कानावर पडतं. वहीतलं ते गणित पाहिल्यापासून मला ते वाक्य सौम्य वाटायला लागलं आहे. खरीप आणि रब्बी धरून शेतकऱ्याच्या वाट्याला वर्षाला दोन डाव येतात. चाळीस वर्षं शेती केली तर ८०. त्या मुलाच्या मॉनिटरवरच्या चार टेबलांवर ८० डाव सोळा मिनिटांत होतात. शेतकऱ्याचं कौशल्य लाटेच्या वर यायला जन्म पुरत नाही, आणि एक वाईट उन्हाळी कांदा चांगल्या चार वर्षांची कमाई घेऊन जातो. म्हणून तो दोन गाई बांधतो, थोडा ऊस लावतो, पोराला पोलीस भरतीच्या अकॅडमीत घालतो. त्याची अनेक टेबलं ती हीच.

जगात हा प्रकार कसा वाढला ते थोडक्यात सांगून टाकतो. खऱ्या पैशांचं पहिलं ऑनलाइन पोकर टेबल १ जानेवारी १९९८ रोजी प्लॅनेट पोकर नावाच्या साइटवर सुरू झालं. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा टेनेसीतला हिशेबनीस शंभर डॉलरच्याही आतल्या ऑनलाइन पात्रता फेरीतून लास वेगासच्या वर्ल्ड सीरिजमध्ये गेला आणि २५ लाख डॉलर जिंकून आला. आडनावासकट ही गोष्ट कोणा जाहिरातवाल्याने रचल्यासारखी वाटते, पण खरी आहे. त्यानंतर अमेरिकेत घरोघरी पोरं खेळायला लागली. २०११च्या १५ एप्रिलला अमेरिकी सरकारने मोठ्या साइट्सवर गुन्हे दाखल करून त्यांची डोमेन नावं जप्त केली, त्या दिवसाला तिथे काळा शुक्रवार म्हणतात. मधल्या आठ वर्षांत मल्टिटेबलिंग हा छंद न राहता धंदा झाला. टेबलं पडद्यावर कशी मांडायची याचे संप्रदाय निघाले. कोणी फरशा बसवाव्यात तशी शेजारी शेजारी मांडी, कोणी एकावर एक थप्पी लावी; ज्या टेबलाची पाळी ते आपोआप वर येतं, आपण फक्त बटण दाबायचं. माउस चालवून मनगट दुखतं म्हणून कीबोर्डवर कळा बांधून देणारी सॉफ्टवेअर आली. समोरच्याच्या नावाखाली तो किती टक्के डाव खेळतो, किती वेळा वाढवतो याचे आकडे लटकवणारी आली. समोरचा माणूस राहिला बाजूला, त्याची टक्केवारी खेळायला लागली.

विक्रमही झाले. बर्ट्रांड ग्रोस्पेलिए हा फ्रेंच खेळाडू आधी स्टारक्राफ्ट या संगणकी खेळातला व्यावसायिक. त्याने २००९ मध्ये तासाभरात ६२ छोट्या स्पर्धा खेळून गिनेस बुकात नाव घातलं. माझा आवडता विक्रम मात्र रँडी ल्यूचा आहे. जानेवारी २०१२ मध्ये बहामात त्याने आठ तासांत २३,४९३ डाव खेळले. भागाकार करून बघा, सव्वा सेकंदाला एक डाव. शेवटी नफ्यात असणं ही विक्रमाची अटच होती, आणि तो नफ्यात होता. ७ डॉलर ६५ सेंटने. तेव्हाच्या दराने चारशे रुपयांच्या आसपास.

आपल्याकडे एकाच वेळी अनेक गोष्टी सांभाळणाऱ्याला अष्टावधानी म्हणतात आणि हल्ली तो शब्द बहुधा गृहिणींच्या सत्काराच्या भाषणात वापरून झिजवला जातो. अवधानाचे खरे प्रयोग निराळे असत. श्रीमद् राजचंद्रांनी तरुणपणी मुंबईत केलेली शतावधानं प्रसिद्ध आहेत: शंभर वेगवेगळ्या गोष्टी तुकड्या-तुकड्यांनी ऐकायच्या आणि शेवटी एकेक पूर्ण करून परत द्यायची. तिथे प्रत्येक धागा मनात जिवंत ठेवावा लागतो. मल्टिटेबलिंग याच्या अगदी उलट. तिथे धागा ठेवायचाच नसतो. प्रत्येक वेळी पट्टी पेटली की परिस्थिती नव्याने वाचायची, पाठ केलेल्या तक्त्यातून उत्तर काढायचं, विसरून जायचं. चांगला मल्टिटेबलर आठवत बसत नाही. म्हणून त्याला जिंकलेला डाव दिसला नाही यात नवल नाही.

याची किंमतही मोजावी लागते. टेबलं वाढली की प्रत्येक डावातली कमाई घटते, कारण समोरच्याच्या खोडी टिपायला वेळच उरत नाही. निव्वळ उदाहरणादाखल धरा: एका टेबलावर १०० डावांमागे सहा ब्लाइंड मिळत असतील तर तासाच्या ७५ डावांत साडेचार ब्लाइंड झाले. चार टेबलांवर दर चारावर आला, पण डाव ३००, म्हणजे तासाला बारा. बारा टेबलांवर दर दीडावर, डाव ९००, तासाला साडेतेरा. सोळावर दर पाऊण आणि तासाला नऊ. म्हणजे बारापर्यंत चढण, पुढे उतार. प्रत्येकाचं शिखर वेगळं, आणि ते ओलांडल्याचं कळतं उतरून गेल्यावर. त्यातून एखादा डाव वाईट रीतीने हरला आणि खेळाडू इरेला पेटला (पोकरवाले याला टिल्ट म्हणतात, पण आपला शब्द जास्त जळजळीत आहे) तर तो राग एका टेबलावरून चारही टेबलांवर पसरतो. दहा मिनिटांत महिन्याची कमाई गेल्याच्या कहाण्या त्या मुलाकडे डझनभर होत्या, त्यातल्या दोन त्याच्या स्वतःच्या.

नताशा डाव शूल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी लास वेगासच्या जुगारी यंत्रांवर २०१२ मध्ये गाजलेलं पुस्तक लिहिलं, ॲडिक्शन बाय डिझाइन. यंत्रापुढे बसलेला माणूस स्वतःला कसा हरवून बसतो, हा त्याचा विषय. पुढे २०१६ मध्ये त्यांनी अनेक टेबलांवर खेळणाऱ्या ऑनलाइन पोकरपटूंवर एक निबंध लिहिला. त्यात वेगळंच चित्र आहे: हे लोक सॉफ्टवेअरच्या मदतीने स्वतःवर लगाम ठेवायला शिकतात, एका डावाच्या निकालावरून लक्ष काढून लांबच्या पल्ल्यात जगायला शिकतात. मी सावेडीत पाहिलं त्याच्याशी हे तंतोतंत जुळतं. फक्त शूलबाईंच्या दोन लेखनांतली माणसं एकाच टेबलावर समोरासमोर बसलेली असतात, असं मला पुढे जाणवलं.

कारण टेबलावर पैसा तयार होत नाही. सहा जण बसतात, तेच आपापले पैसे आणतात, आणि कंपनी प्रत्येक डावातून तिचा वाटा काढून घेते, साधारण पाच टक्के. इंग्रजीत रेक म्हणतात; आपल्या अड्ड्यांवर याला फार जुना शब्द आहे, नाल. झाडाखाली घोंगडी अंथरणारा माणूसही नाल काढतोच. ती गेल्यावर सहा जण मिळून तोट्यातच असतात. तरीही एक जण महिनाअखेर नफ्यात असेल तर बाकीच्या पाचांनी त्याची कमाई अधिक नाल एवढं मिळून गमावलेलं असतं. दुसरा मार्ग नाही.

कंपन्यांना मल्टिटेबलर का आवडायचे तेही यातच. चौघांची नाल एकटा भरतो आणि टेबलं भरलेली दिसतात. त्यामुळे नालेतला काही हिस्सा परत द्यायच्या योजना निघाल्या. पोकरस्टार्सच्या सुपरनोव्हा एलिट या दर्जासाठी वर्षाला दहा लाख गुण लागत, आणि कित्येक जण टेबलांवर जेमतेम बरोबरीत राहून फक्त त्या परताव्यावर घर चालवत. २०१५च्या अखेरीस कंपनीने ते फायदे छाटायचं जाहीर केलं तेव्हा १ ते ३ डिसेंबर अशा तीन दिवसांसाठी जगभरच्या खेळाडूंनी चक्क संप केला. जुगाऱ्यांचा संप! पण संप मजुरांचाच असतो, आणि ते तोवर मजूर झाले होते.

आता कायद्याकडे वळू. इथे नगर जिल्ह्यातलं कुठलंही दैनिक उघडा. स्थानिक गुन्हे शाखेचं पथक, गुप्त बातमीदारामार्फत मिळालेली खबर, शेताच्या कडेला आडोशाला गोलाकार बसलेले सात-आठ इसम, पैशांवर तिरट नावाचा हारजीतीचा जुगार, पत्त्यांची पानं, रोकड, मोबाइल आणि तीन दुचाक्या असा मुद्देमाल. वर्षानुवर्षं मजकूर तोच, तालुका तेवढा बदलतो. कायदाही जुना, १८८७चा. त्यातलं कलम १३ सांगतं की निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. त्या एका कलमातून पुढे एक आख्खा उद्योग आत शिरला.

सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये चमरबागवाला खटल्यांत, शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांच्या निमित्ताने, कौशल्य आणि नशीब यांतलं कोणतं प्रबळ ते बघायची कसोटी घातली. १९६८ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबातल्या रमीचा खटला आला. न्यायालयाने म्हटलं, तीन पानी खेळ निव्वळ नशिबाचा. रमीत मात्र पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कोणतं धरायचं, कोणतं टाकायचं हे ठरवावं लागतं, म्हणून तो मुख्यतः कौशल्याचा. म्हणजे आमचा तीन पानांचा तिरटवाला आत आणि रमीवाला बाहेर. पोकर या दोहोंच्या मध्ये लटकत राहिला. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगार ठरवला. कर्नाटकाने बंदी घातली, ती तिथल्या उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये उडवली. तमिळनाडूच्या कायद्यातून मद्रास उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रमी आणि पोकर बाहेर काढले.

या सगळ्या निकालांच्या चर्चेत मला एक प्रश्न कुठे दिसत नाही: किती डावांनंतर? एका डावात पोकर तिरटाच्या जवळ असतो, लाख डावांत बुद्धिबळाच्या. शास्त्रज्ञांना हे चांगलं ठाऊक आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये त्यांचा क्लॉडिको हा प्रोग्रॅम चार व्यावसायिकांसमोर बसवला. ८०,००० डावांत तो सात लाखांहून जास्त चिप्स हरला, तरी संशोधकांनी संख्याशास्त्राच्या निकषावर सामना बरोबरीचा म्हटला. खेळाडू यावर चिडले ते वेगळं. २०१७च्या जानेवारीत पिट्सबर्गच्या कॅसिनोत लिब्राटस हा नवा प्रोग्रॅम आणला तेव्हा डाव वाढवून १,२०,००० केले, वीस दिवस खेळवले आणि नशीब कमी व्हावं म्हणून दोन खेळाडूंना तीच पानं उलटसुलट वाटली. तेव्हा कुठे यंत्र जिंकलं असं छातीठोकपणे म्हणता आलं. जगातले निष्णात लोक कौशल्य सिद्ध करायला लाखाच्या पुढे जातात. कोपरगावच्या बस स्टँडवर मोबाइलमध्ये एक टेबल उघडून बसलेला पोरगा लाखापर्यंत कधी जाणार?

माझं म्हणणं इथे येतं, आणि ते कौशल्यवाद्यांना आवडणार नाही. पोकरमध्ये कौशल्य आहे, हे मला मान्य आहे. मल्टिटेबलिंगने ते निर्विवाद सिद्ध केलं. पण खेळ कौशल्याचा आहे म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही, उलट कच्च्या खेळाडूसाठी तो जास्त घातक होतो. लॉटरीत सगळे सारखेच मूर्ख असतात. मटक्याच्या आकड्याला समोरचा कोण हे कळत नाही. कौशल्याच्या खेळात मात्र कच्चा माणूस दर शंभर डावांमागे ठरलेल्या दराने, नेमाने हरतो, आणि तेही कोणा एका हुशार माणसाकडून, जो त्याच वेळी आणखी तीन टेबलांवर तेच करत असतो. शिवाय त्या कच्च्या माणसाला हे कळत नाही. दोन-तीन हजार डावांत नशिबाची लाट एवढी मोठी असते की हरणं म्हणजे त्याला पानं वाईट आल्यासारखं वाटतं. न्यायालयांनी प्रश्न बरोबर विचारला, पण तो चार टेबलांवाल्याच्या बाजूने विचारला. एका टेबलावाल्याच्या बाजूने विचारला असता तर उत्तर कदाचित निराळं आलं असतं.

सरकारने आधी करांचा रस्ता धरला. १ एप्रिल २०२३पासून निव्वळ जिंकण्यावर ३० टक्के टीडीएस आणि १ ऑक्टोबर २०२३पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी. १०,००० भरले की त्यातले सुमारे २,१८८ कराचे. बऱ्याच कंपन्यांनी हा बोजा बोनसच्या रूपाने स्वतःवर घेतला, पण शंभरामागे पाच ब्लाइंड कमावणाऱ्याच्या गणितात एवढं ओझं मावत नाही. छोट्या टेबलांवरचे कितीतरी घासू खेळाडू तेव्हाच उठले. कच्चे मात्र बसून राहिले, कारण ते गणित करत नव्हते.

मग जुलै २०२५. विधान परिषदेत तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप करत कर्जत-जामखेडचे आमदार रोहित पवार यांनी एक चित्रफीत प्रसिद्ध केली. कोकाट्यांनी खेळत असल्याचा इन्कार केला. महिनाअखेर त्यांच्याकडचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. खातं बदलताना त्यातला विनोद कोणाच्या लक्षात आला होता की नाही, कोण जाणे. त्यानंतर तीन आठवड्यांत, २० आणि २१ ऑगस्टला संसदेच्या दोन्ही सभागृहांनी ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. सरकारी अंदाज असा की ४५ कोटी लोक वर्षाला सुमारे २०,००० कोटी रुपये यात गमावतात. कायद्याने एका वाक्यात दीडशे वर्षांचा वाद बाजूला सारला: खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो वा दोन्हींचा, ऑनलाइन पैसे लागले की तो बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा, खेळणाऱ्याला नाही. मोठ्या भारतीय ॲपनी त्याच आठवड्यात पैशांचे खेळ थांबवले. कंपन्यांनी उच्च न्यायालयांत दाद मागितली आणि सप्टेंबरमध्ये ती सगळी प्रकरणं सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडे घेतली.

बंदी योग्य का? तो मुलगा म्हणतो, दारू चालते, शेअर बाजारात ऑप्शन चालतं, मग आमचंच काय वाकडं? बंदीमुळे लोक परदेशी साइट्सकडे जातात आणि तिथे पैसे अडकले तर तक्रार कोणाकडे करायची, हा त्याचा दुसरा मुद्दाही खोटा नाही. ऑप्शनबद्दल तर माझ्याकडे त्याला उत्तरच नाही. सेबीच्या सप्टेंबर २०२४च्या अभ्यासात, २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत वायदे बाजारातले ९३ टक्के वैयक्तिक व्यापारी तोट्यात होते आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. सरकारने गेमिंगसाठी सांगितलेल्या वर्षाच्या आकड्याच्या जवळपास तिप्पट, आणि माणसं मात्र ४५ कोटींच्या जागी एक कोटीच्या आसपास. शेवगाव तालुक्यात शेअर मार्केटच्या नावाखाली दरमहा अमुक टक्के देतो म्हणून पैसे गोळा करणारे पळून गेले तेव्हा अनेकांनी जमिनी विकून पैसे घातल्याचं बाहेर आलं. तो प्रकार निराळा, निव्वळ फसवणूकच, पण चार पडदे आणि लाल-हिरव्या रेघा दाखवल्या की माणूस भुलतो ही त्याची पायाभरणी पोकर आणि ऑप्शन दोघांनी मिळून केली होती. तरीही दुसरं वाईट दुकान उघडं आहे म्हणून पहिलं बंद करू नये, हा युक्तिवाद मला पटत नाही.

गेल्या दिवाळीत त्याला परत भेटलो. मॉनिटर तोच होता, आता त्यावर निफ्टीच्या चार खिडक्या. पोकरचा हिशेब त्याने एक्सेलमध्ये जपून ठेवलेला. तीन वर्षांत चार लाखांवर डाव, कर आणि नाल वजा जाता सुमारे ८०,००० रुपये. तास तेराशेच्या वर. "साठ रुपये तास, काका," तो म्हणाला. "आईला पगारातनं साठवलेत म्हणून सांगितलंय."

मग त्याने खेळाडूंची जुनी यादी उघडली. कच्च्या खेळाडूंच्या नावांवर तो हिरवा ठिपका ठेवायचा; असे लोक दिसले की त्या टेबलावर जागा पकडायची. हिरव्यांपैकी एकाच्या टोपणनावाच्या शेवटी एमएच१७ होतं. म्हणजे श्रीरामपूरची पासिंग. रोज रात्री दहाच्या सुमाराला यायचा, कायम एकच टेबल, बाराला जायचा. "ट्रॅक्टर-बिक्टर असणार," असं आमच्या पोराने तेव्हा ठरवून टाकलं होतं. यादीत त्याच्यापुढे आकडे होते: २,१४० डाव, उणे ४२८ ब्लाइंड. सव्वाचार हजार रुपयांच्या आसपास, फक्त या मुलाने पाहिलेल्या डावांतले. शेवटची नोंद फेब्रुवारीतली. पुढे आलाच नाही.

मी विचारलं, आपण पानांमुळे हरत नाही, खेळामुळे हरतोय, हे त्याला कळलं असेल का?

"दोन हजार हँडमध्ये काय कळणार, काका?" तो म्हणाला आणि खिडकी बंद केली.